चाळणीतले हिरवे गोटे

“अवं सत्यवती, पोटातले गोटे म्हंजे का गव्हातले खडे होत, चाळले का निघाले?” शेजारच्या शकुंतलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, तेव्हा सत्यवती नुसती हसली. हसली आणि स्वयंपाकघरातली चाळणी न्हाणीघरात नेऊन ठेवली.

मित्रांनो, ती चाळणी म्हणजे मी. जुनी, पितळेची आणि अस्सल भंडाऱ्याची. तिथल्या कासाराने ठोकून ठोकून माझी कड गोल केली, तळाला बारीक जाळी बसवली आणि उजेडाकडे धरून नीट पारखली. सत्यवतीच्या रुखवतात मी मांडलेली होते. तिचा नवरा इश्वर कारखान्यात कामाला, म्हणून मी जवाहरनगरच्या क्वार्टरात आले.

ती वर्षं मानाची होती. सत्यवती कॉलेज शिकलेली, पण जिवाची फार भित्री. बाळाच्या पेजेची पिठी ती एकदा चाळायची, पुन्हा चाळायची आणि तरी एखादा किडा राहिला असेल म्हणून खिडकीशी नेऊन बघायची. सासूबाई, गोदावरीबाई, कोंढ्याहून आल्या की म्हणायच्या, “अशी चाळणी आमच्या साऱ्या गावात नाही.” माझी मान ताठ व्हायची. कोंडा कोणता आणि पीठ कोणतं, हे मला कधी कोणी शिकवावं लागलं नाही. माणसांना मात्र ते शिकवूनही येत नाही.

गोदावरीबाईंना उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या. त्या इलाजासाठी आमच्याकडे आल्या. डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, ऑपरेशन करावं लागेल. त्या शब्दानेच बाई अर्ध्या झाल्या.

आणि मग आले भय्याजी. साकोलीकडचे. सायकलच्या दांडीला पिशवी, पिशवीत बाटल्या आणि तोंडात ‘लिव्हर शुद्धी’. लिव्हर कोणत्या बाजूला असतं, असं सत्यवतीने विचारलं, तर त्यांचा हात साऱ्या पोटावरून फिरून पुन्हा खिशात गेला.

“कापाकापी कायले करता, माय?” ते म्हणाले. “दिवसा जुलाबाचं मीठ घ्या. सांजच्याले गिलासभर जवसाचं तेल अन् लिंबाचा रस. सकाळी गोटे बाहेर! फकत चाळणी पितळेची पायजे. पितळ जहर ओढते.”

मी जहर ओढते! इतकी वर्षं मी त्या घरात होते, मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

सत्यवतीने मनाशी म्हटलं, तेल-लिंबूच तर आहे, घरातलंच आहे, त्यात काय बिघडणार? बाळाची वाटी-चमचा पुन्हा पुन्हा उकळणारी ही बाई. ‘घरातलं’ या एका शब्दापुढे तिची पदवी गप्प बसली.

गोदावरीबाईंनी नाक दाबून तेल प्यायलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जिथे धरलं गेलं, तिथे पिठाच्या चाळणीने जाऊ नये. वरून पाणी ओतलं आणि जाळीवर हिरवे, मऊ, वाटाण्याएवढे गोळे राहिले. भय्याजींनी टाळ्या पिटल्या. “पाहा, पाहा! सारी पिशवी खाली झाली!” मला तर ते हातात धरायच्याही लायकीचे वाटले नाहीत. पण भय्याजी गेले पुढच्या घरी, छाती काढून.

आता आमच्या झाडीपट्टीतल्या बाईला ओलं काही दिसलं की ते उन्हात घातल्याशिवाय राहवत नाही. मोहफुलं, लाखोळीची डाळ, वड्या, सारं अंगणात. गोदावरीबाईंनी ते गोळेही कागदावर पसरले. “वाळले का शिशीत भरून ठेवजो, पोरी. गावात दाखवीन,” असं बजावून त्या बसने कोंढ्याला गेल्या.

दुपारी सत्यवती ते उलटायला गेली, तर कागदावर एकही गोटा नव्हता. नुसता तेलाचा डाग पसरला होता, त्याला जवसाचा वास येत होता.

“ऊन लागलं, इरघळले,” इश्वर म्हणाला. “तू शिकली ना, तुले सारंच खोटं वाटते.”

“दगड इरघळते का हो? मंग तलावाच्या पाळीचे सारे गोटे कवाच वाहून गेले असते!”

आठवडाभर इश्वर ऐकेना. मग तिने बाळाला काखेत घेतलं आणि कोंढ्याकडे जाणारी मिळेल ती बस धरली. पुढचं तिने शकुंतलाबाईंना सांगितलं, ते मी ऐकलं. ऐन चैत्रात गोदावरीबाई गोधडीत थरथरत होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे. घरात कोणाला पत्ता नाही.

“काहून नाही सांगितलं, आत्याबाई?”

“काय सांगू वं? गोटे तं निघाले. आता दुखते म्हटलं तं लोक हासतीन.”

मित्रांनो, या शुद्धीचा गुण हाच. दुखणं जिथल्या तिथे राहतं, दुखणाऱ्याचं तोंड तेवढं बंद होतं.

नागपूरला ऑपरेशन झालं. पिशवी सडायला आली होती. जीव वाचला, पण बाई निम्म्या होऊन आमच्याकडे परत आल्या. डॉक्टरांनी खरे खडे शिशीत घालून दिले होते. सवयीप्रमाणे गोदावरीबाईंनी तेही अंगणात पसरले. दिवसभर ऊन खाऊन ते तसेच्या तसे राहिले.

“मंग ते हिरवे काय होते?”

“तुम्ही प्यालेलं तेलच, आत्याबाई. पोटात गोळे झालेलं.”

 गोदावरीबाई एकदम सत्यवतीचा हात धरून म्हणाल्या, “अवं, म्या तं कुंताबाईलेही पाजलं!”

कुंताबाई त्यांची गावातली मैत्रीण, एकटी राहणारी. पोटातली कळ तीच, औषध तेच. सत्यवती धावत कोंढ्याला गेली, तर घराला कुलूप. साकोलीजवळ लेकीकडे गेली, एवढंच शेजारी सांगू शकले. लेकीचं गाव कोणाला नीट आठवेना. जाताना म्हणे ती सांगत होती, “मी आता चांगली आहो, माही पिशवी साफ झाली.”

मी आता मागच्या खोलीत टांगलेली असते. मला पीठ दाखवत नाहीत, ते बरोबरच आहे. तिथून मला सत्यवतीचा आवाज रोज ऐकू येतो. साकोलीकडे जाणारा जो भेटेल त्याला ती थांबवते आणि हेच सांगते. तुम्हालाही मी तेच सांगते आहे, मित्रांनो: त्या बाजूला गेलात, तर कोंढ्याच्या कुंताबाईचा तपास करा. ती हसून ‘बरी आहो’ म्हणेल. तेवढ्यावर परतू नका. तिला अंगणात उजेडात आणा आणि तिचे डोळे पाहा.