इसारात ठेवलेला दाखला

मोनिकाच्या वहीत सतरा प्रश्न होते. भीमाला वाटत होतं, सत्तर असते तर बरं झालं असतं.

नगरच्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये प्रवेशाचं टेबल खिडकीशी मांडलं होतं. एका बाजूला बापलेक आणि दुसऱ्या बाजूला कागद तपासणाऱ्या सुकन्या मॅडम. आज बुधवार, प्रवेशाचा शेवटचा दिवस. पाचच्या आत ज्याचे मूळ कागद टेबलावर येतील त्याची जागा पक्की, नाही आले तर ती जागा पुढच्या फेरीत दुसऱ्या कुणाची. मॅडमनी हे बसल्याबसल्याच सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून भीमाचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात होतं. पावणेदोन वाजले होते.

मोनिकाचा नंबर इलेक्ट्रिकलला लागला होता. दहावीला एक्याण्णव टक्के, आणि घरच्या मोटरचा स्टार्टर अडला की वायरमनच्या आधी तिलाच हाक. सरकारी कॉलेजात जाणारी घरातली ती पहिलीच. तिच्या मांडीवर फाईल होती. फायलीत गुणपत्रिका होती, आधार होतं, फोटो होते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र नव्हता. त्या जागी त्याची झेरॉक्स होती, आणि ही गोष्ट जगात आपल्या एकट्यालाच माहीत आहे असं भीमा धरून चालला होता.

तो दाखला बारा दिवसांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं दुसऱ्याला देऊन टाकला होता.

त्याचं असं झालं. भीमा घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हशींची दलाली करायचा. तिथं सौदा ठरला की घेणारा थोडे पैसे आगाऊ देतो, तो इसार. इसार दिला की म्हैस त्याच्या नावची झाली, मग दुसऱ्यानं कितीही बोली वाढवली तरी मालक हलत नाही. घेणाराच मागं हटला तर इसार गेला, आणि हटणाऱ्याची अब्रूही त्याच्यासोबत गेली. वीस वर्षं भीमानं दोन्ही सांभाळलं होतं. त्याच बाजारात एका खासगी कॉलेजचा माणूस पत्रकं वाटत आला. म्हणाला, सरकारी यादीचा काय भरवसा? नाही लागला नंबर तर पोरगी वर्षभर घरी. आमच्याकडं मूळ दाखला ठेवा, तिची जागा धरून ठेवतो. भीमाला ही भाषा आईच्या दुधाइतकी ओळखीची. बायको छबूबाई शेतात गेलेली बघून त्यानं पेटी उघडली, दाखला काढला, आणि जेऊरच्या अलीकडं त्या कॉलेजात जाऊन देऊन आला. वर छातीवर हात ठेवून म्हणाला, "पोरगी तुमचीच." पावती मागितली नाही. बाजारात कोण कुणाला पावती मागतं?

नंतर रविवारी सरकारी यादी लागली आणि घरात पेढे आले. भीमाच्या तोंडचं मात्र पाणी पळालं. इसार दिलेला, शब्द दिलेला. आता कोणत्या तोंडानं परत मागायचा? सोमवारी त्यानं पाठ दुखत असल्याचं सांगितलं. मंगळवारी मोटारसायकलची चेन काढून ठेवली. आज सांगायला काही उरलंच नव्हतं, म्हणून आला.

"मॅडम, मुलींच्या हॉस्टेलला जागा कशी मिळते?" मोनिकानं पहिला प्रश्न काढला.

"प्रवेश पक्का झाला की वेगळा अर्ज करायचा. यादी लागते. तोवर एसटीनं ये-जा कर, पासच्या फॉर्मवर सही-शिक्का आम्ही देतो."

"माझं सगळं मराठीतून झालंय. इथं इंग्रजीत शिकवतात?"

"पुस्तकं इंग्रजीत आहेत. सर मराठीत समजावतात. पहिले सहा महिने डोकं दुखतं, मग ते शब्द तोंडात बसतात. मी स्वतः कोपरगावच्या मराठी शाळेतून आले."

मोनिकानं उत्तर लिहून घेतलं आणि तिच्या खांद्यांचा ताण जरा उतरला. हजेरी किती लागते, एखादा विषय राहिला तर वर्ष जातं का, वर्कशॉपमध्ये ओढणी चालते का. नाही चालत, मॅडम म्हणाल्या, ॲप्रन आणि पायात बूट, आणि केस बांधलेले, कारण लेथ मशीन कुणाची वेणी ओळखत नाही. तीन वर्षांनंतर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं का? येतं. एकेका उत्तरासरशी पोरगी मोकळी होत होती, आणि तिचा एकेक प्रश्न संपला की भीमा उरलेले बोटांवर मोजत होता. चौदावा झाला. पंधरावा झाला.

"मॅडम," भीमा मध्येच घुसला, "हॉस्टेलला ताक मिळतं का?"

मॅडमनी पेन थांबवलं. "ताक?"

"पोरीला जेवताना लागतं."

"मेसला विचारावं लागेल."

"आन् पान्याची टाकी? झाकलेली हाय का उघडी?"

"झाकलेली."

"आन् विंचूकाट्याचं काय?"

"भाऊ, इथं वीस वर्षांत कुणाला विंचू चावलेला नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "मोनिका, तुझे राहिलेले दोन विचार."

ते दोन प्रश्न कसे आले आणि कसे गेले, भीमाला कळलंच नाही. मोनिकानं वही मिटली. मॅडमनी फाईल ओढून घेतली आणि कागद एकामागून एक उलटू लागल्या. गुणपत्रिका, ठीक. आधार, ठीक. मग त्यांचा हात थांबला.

"ही झेरॉक्स आहे. मूळ दाखला?"

मोनिका पेनाचं टोपण लावत बसली. तिनं वर पाहिलंच नाही. भीमानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मॅडम, त्यो इसारात गेलाय."

"कशात?"

मग त्यानं सगळं सांगितलं. बाजार, पत्रक, पेटी, छातीवरचा हात. आवाज इतका खाली गेला होता की मॅडमना पुढं वाकून ऐकावं लागलं. पोरीकडं बघायची त्याची छाती झाली नाही. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मी मागं हटलोय, म्हंजी इसार बुडला. बाजारात असंच असतंय. माझ्यामुळं पोरीचं वाटोळं झालं, मॅडम."

मॅडमना हसू आलं असावं, पण त्यांनी ते ओठांतच ठेवलं. "भाऊ, दाखला म्हणजे काही इसार नाही. तो मुलीचा कागद आहे. विद्यार्थ्याचा मूळ दाखला कुणालाही अडवून ठेवता येत नाही, त्यांनाही नाही आणि आम्हालाही नाही. अर्ज द्या आणि घेऊन या. कुणी आडवं आलं तर मला फोन लावून द्या."

"आन् मी दिलेला शबूद?"

"शब्द तुम्ही दिलात. शिकायचंय तिला."

एवढं सरळ वाक्य वीस वर्षांत बाजारात त्याला कुणी ऐकवलं नव्हतं. तो उठला. मोनिकानं वहीतून घडी घातलेला एक कागद काढला.

"आण्णा, ह्यो अर्ज. खाली सही करा. मी हितंच थांबते."

त्यानं न वाचताच सही ठोकली आणि अर्ज खिशात कोंबला. मॅडमच्या फोनचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये मोनिकानंच टाकून दिला. एवढ्या गडबडीत हिनं अर्ज लिहिला कधी, हे त्याच्या मनाला शिवलंही नाही.

जेऊरपर्यंतची वाट रोजची, पण त्या दिवशी ती संपता संपेना. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेनं पुढं चाललेले, भीमा हॉर्न वाजवून दमला. कॉलेजात पोचला तेव्हा तीन वाजून गेले होते. ऑफिसात सुनील नावाचा क्लार्क एकटाच होता, नुकताच डबा धुऊन आलेला.

"माझ्या पोरीचा दाखला परत पायजे," भीमा म्हणाला. वाटेत त्यानं मोठं भाषण जुळवलं होतं, ते सगळं विसरला.

"साहेब न्हाईत. मूळ कागद मला देता येत न्हाई. उद्या या."

"उद्या येऊन काय उपेग? पाचला दार बंद हुतंय."

"मग आधी विचार करायचा हुता."

एरवी भीमानं अशा माणसाला दोन शब्दांत वठणीवर आणलं असतं. पण इथं चूक आपलीच होती. त्यानं अर्ज टेबलावर ठेवला, मोबाईलवर मॅडमचा नंबर लावला आणि फोन सुनीलच्या हातात दिला. सुनील आधी "हॅलो" म्हणाला. मग नुसता "हो मॅडम" म्हणाला. मग उभा राहून "हो मॅडम, लगेच मॅडम" म्हणाला.

त्यानं फोन परत दिला आणि अर्ज वाचायला घेतला.

"अर्ज झाक लिव्हलाय," तो म्हणाला. "पण काय हो, तारीख रविवारची हाय. तीन दिवस काय करत हुता?"

"रविवारची?"

"ही बघा की."

भीमानं पाहिलं. मोनिकाचं गोल, टपोरं अक्षर. यादी लागली त्या रविवारची तारीख. वर कॉलेजचं नाव, तेही बिनचूक. तळाशी एक रेघ, तिच्यावर त्यानं मघाशी ठोकलेली सही आणि तिच्याखाली कंसात 'वडिलांची सही'. त्याला सगळं एकदम उमगलं. यादी लागल्यावर पोरीनं पेटी उघडली असणार. त्याच्या सदऱ्याच्या खिशातलं पत्रक धुताना सापडलं असणार. तीन दिवस हा अर्ज वहीत घेऊन ती बापाचं तोंड उघडायची वाट बघत बसली होती. भीमाचे डोळे भरून आले. सुनीलला दिसू नये म्हणून त्यानं तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडं वळवलं.

सुनीलनं कपाट उघडलं. आत दाखल्यांची वीतभर जाड चवड होती.

"हे सगळे?" भीमानं विचारलं.

"सगळे. सगळ्यांच्या बापांनी असाच हात छातीवर ठिवलेला," सुनील म्हणाला, आणि मधून एक कागद ओढून काढला. "घ्या. हितं 'मिळाला' म्हनून लिव्हा."

दोन मिनिटांचं काम. ज्या दोन मिनिटांसाठी तीन दिवस घास गिळला नव्हता, ती अशी निघून गेली. भीमाचा जीव भांड्यात पडला. दाखला सदऱ्याच्या आत, बनियनवर ठेवून तो परत निघाला, आणि या खेपेला पुढचे ट्रॅक्टर त्याला अजिबात खुपले नाहीत.

साडेचारला तो पोचला तेव्हा मोनिका बाहेर बाकावर बसली होती. त्यानं दाखला तिच्यापुढं धरला. तिनं घेतला, नाव वाचलं, पाठीमागची बाजू पाहिली आणि जोरात श्वास सोडला. तेव्हा कुठं भीमाला कळलं की पोरगीही आतून किती ताणलेली होती.

"तुला रविवारपास्नं ठावं हुतं," तो म्हणाला.

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"सोमवारी वाटलं सांगाल. मंगळवारी चेन काडून बसला, तवा लई राग आला." तिनं नाक ओढलं. "आज सतरावा प्रश्न झाला, की मीच सांगनार हुते. तुमी आधी बोलला. पर ते ताकाचं काय काढलं मधी? मला तर ताक आवडत बी न्हाई."

भीमा हसला, आणि हसताहसताच त्यानं टोपीनं डोळे पुसले. "चल," तो म्हणाला, "तुझा कागद तुझ्याच हातानं दे."

मॅडमनी दाखला पाहिला, फायलीत लावला, शिक्का मारला. प्रवेशाची पोच छापून निघाली. भीमानं ती दोनदा वाचली, घडी घातली आणि पुन्हा उघडून वाचली. घड्याळात पाचला दहा कमी होते.

बाहेर आल्यावर मोबाईल वाजला. छबूबाईचा फोन.

"झालं," मोनिका म्हणाली. "पक्कं झालं, आई. आण्णांनी समदे कागद बरूबर आणले हुते."

भीमानं तिच्या हातातून मोबाईल घेतला. "न्हाई, ती खोटं बोलतीय. ऐक. मी दाखला दुसऱ्या कालेजात इसारात ठिवला हुता. तू शेतात गेल्तीस तवा पेटीतनं काडला. आत्ता जाऊन सोडवून आणला."

पलीकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग छबूबाई म्हणाली, "मला बारा दिसांपास्नं ठावं हाय. पेटीची किल्ली मी खुंटीला अडकवती, तुमी फळीवर ठिवली. उघडून बघितलं, तर दाखला न्हाई."

भीमानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"म्हंजी सबंध घरात मी येकटाच भेत बसलो हुतो?"

"येकटं कशाला? आमी बी भ्यालो हुतो," छबूबाई म्हणाली. "पर तुमी सांगितलं असतं, तर तिघं मिळून भ्यालो असतो."