खाडीकडून घेतलेली जमीन

कसणाऱ्या कुळाला जमिनीचा हक्क मिळणार, अशी बोलवा उठली आणि तळा गावाजवळच्या खोतानं विठोबाला शेतातून उठवलं. एकोणीसशे एकोणपन्नास साल. वीस वर्षं कसलेली जमीन एका सकाळी परकी झाली. विठोबा दोन दिवस ओटीवर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको काशी म्हणाली, "उठा आता. बसून काय भात उगवायचं न्हाय."

मुरुडकडे खाडीकाठी महादेव मास्तरांचं दहा एकर खाजण ओसाड पडलं होतं. बांध फुटून खारं पाणी आत शिरायचं. मास्तर म्हणाले, "खांड बुजवलीत तर निम्मी जमीन तुमची."

"तसं आधी लिहून द्या," काशी म्हणाली.

मास्तर हसले, पण कागद केला.

बांधाला पडलेली खांड बैलगाडी जाईल एवढी रुंद होती. अमावस्येला ओहोटी लांबवर जाते, म्हणून विठोबानं तोच दिवस धरला. दिवसभर दगडमाती भरली. भरतीनं सगळी धुऊन नेली. पुनवेलाही तीच गत. विठोबा चिखलात मटकन बसला.

काशी तडक कोळीवाड्यात गेली. नीराबाई बोंबील वाळत घालत होती. तिनं ऐकून कपाळावर हात मारला.

"उधाणाला बांध घालता व्हय गं बाय? व्हटी लांब, तशी भरतीपन दांडगी. अष्टमीला भांगाची भरती असते, पानी नरम असतं. तवा बुजवा."

अष्टमीला नीराबाई स्वतः आली, आणि मागून दगडांनी भरलेल्या तीन होड्या घेऊन तिची माणसं. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून सगळ्यांनी हातोहात दगड लावले, वर चिकणमाती चोपली. भरती आली. बांधाला भिडली, फेसाळली, थोडा वेळ तिथंच घुटमळली आणि मागं सरली. काशीनं बांधावर चढून अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. विठोबा रडत होता आणि हसतही होता.

दोन पावसाळ्यांनी मातीतलं मीठ धुऊन काढलं. तिसऱ्या वर्षी तांबड्या भाताच्या लोंब्या काशीच्या छातीला लागल्या. पहिल्या भाताचं टोपलं तिनं डोक्यावरून कोळीवाड्यात नेलं.

शिमग्यानंतर तळ्याकडची चार कुटुंबं बिऱ्हाड घेऊन दारात उभी राहिली. त्यांनाही खोतानं उठवलं होतं.

"आमाला हितं जागा हाय का, वयनी?"

"पुढच्या खाजणाची खांड अजून उघडीच हाय," काशीनं पदर खोचला. "चला, दाखवते."