अर्धंच दिसणारं कार्ड

चँडलर या अमेरिकन शहरातल्या मराठी घरांत कुणाचाही कॉम्प्युटर अडला की तो गुरुनाथ काकांकडे यायचा. काका बावन्न वर्षांचे, चिप टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढलेले, स्वभावाने इतके मवाळ की दुकानात बिल चुकलं तरी परत जायला लाजायचे. २००६च्या जून महिन्यात, एका शनिवारी दुपारी, परीक्षित त्यांच्याकडे कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड घेऊन आला. तो दोन गल्ल्या सोडून राहायचा. नागपूरचा, तिशीतला, गणपतीत आरतीला सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

"काका, कार्ड दोन जीबीचं आहे, पण कॉम्प्युटर एकच दाखवतो. आणि यातलं सगळं उडवायचंय. परत येता कामा नये."

"कार्ड वाचणारा रीडर जुना आहे माझा, त्याला दोन जीबी कळत नाही," काका म्हणाले. त्यांनी कार्ड पुसायला फुल फॉर्मॅट लावला. वीस मिनिटं दोघं चहा पीत बसले. परीक्षितच्या मानेवर तीन लांब ओरखडे होते. काकांना ते दिसले. त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी दार वाजलं. शोभा काकूंनी उघडलं तर परीक्षितची बायको, नीलांबरी, उन्हात अनवाणी उभी. खालचा ओठ फाटलेला, डावं मनगट सुजून केळीच्या कंदासारखं झालेलं. उजव्या मुठीत तेच कार्ड.

काकूंनी तिला सोफ्यावर बसवलं, ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून दिला. "पोलिसांना बोलवू या गं."

"मार्चमध्ये बोलावलं होतं, काकू. तो त्यांच्याशी हसून बोलला. म्हणाला, ती बाथरूममध्ये पडली. ते निघून गेले, आणि मग त्याने माझ्या पाठीवर इस्त्री ठेवली." ती काकांकडे वळली. "तेव्हापासून प्रत्येक वेळी मी फोटो काढत होते. तारखेसकट. त्याला कळलं. आज म्हणाला, गुरुनाथ काकांनी सगळं पुसून दिलंय, आता दाखव कुणाला काय दाखवायचंय ते. म्हणून तुमच्याचकडे आले. पुसलंय तुम्ही. परत आणता येईल का, तेही तुम्हालाच माहीत असणार."

काका उठून कॉम्प्युटरपाशी गेले.

त्यांच्या विंडोज एक्सपीवर फुल फॉर्मॅट केलं तरी फक्त फायलींची यादी जायची. फोटो खाली तसेच राहायचे, वरून नवीन काही भरलं नाही तोवर. त्यांनी हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम लावला. एकेक फोटो वर येऊ लागला. ग्रँड कॅन्यन, दिवाळीचा फराळ, कुणाचं तरी डोहाळजेवण. फेब्रुवारीपर्यंतचे सगळे आले आणि शोध संपला. मार्चपासूनचा एकही नाही.

"गेले?" नीलांबरीने विचारलं.

"थांब." काकांनी आकडा पाहिला. एक जीबी. "हा रीडर अर्धंच कार्ड बघतोय. तुझे फोटो पुढच्या अर्ध्यात आहेत. तिथे आपला फॉर्मॅटही पोचलेला नाही. नवा रीडर आणतो. दहा मिनिटं. दार लावून घ्या."

ते गेले ते बावीस मिनिटांनी परतले. ड्राइव्हवेत परीक्षितची गाडी आडवी उभी होती. दाराची चौकट कुलपापाशी फाटली होती.

आत काकू जमिनीवर बसल्या होत्या, कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं, कानाला फोन, आणि त्या तुटक इंग्रजीत पत्ता सांगत होत्या. स्वयंपाकघरात परीक्षितने नीलांबरीचे केस मुठीत धरले होते. तो तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटत होता आणि प्रत्येक वेळी विचारत होता, "कुठाय कार्ड? कुठाय?" ती दात घट्ट मिटून होती. ओट्यावर, भिंतीवर, मसाल्याच्या डब्यावर रक्ताचे शिंतोडे.

काकांच्या हाताला लोखंडी खलबत्ता लागला. त्यातला बत्ता त्यांनी उचलला आणि परीक्षितच्या दंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. केस सुटले. परीक्षित वळला, त्याने डाव्या हाताने काकांचा गळा धरला आणि त्यांना फ्रिजवर दाबलं. काकांनी दुसरा घाव गुडघ्यावर घातला. तो कोसळला, किंचाळला. तो खाली पडल्यावर काकांनी तिसरा मारला, बरगडीवर. आणि चौथ्यासाठी बत्ता डोक्याच्या रोखाने उचलला.

"काका, नको!" नीलांबरी रांगत येऊन त्यांच्या पायांना बिलगली. "मरेल तो. तुम्ही आत जाल."

बत्ता हातातून पडला.

पोलीस आले तेव्हा परीक्षित जमिनीवरून ओरडत होता, "धिस मॅन इज मॅड! बायको माझी, मी न्यायला आलो होतो, याने मला मारलं." पोलिसांना दिसला मोडलेल्या हाताचा माणूस आणि रक्ताने माखलेले काका. त्यांनी काकांना बेड्या घातल्या. पोलीस नेत असताना काका मराठीत ओरडले, "शोभा, नवा रीडर दारातल्या पिशवीत आहे! फॉर्मॅट करू का विचारेल, नो म्हण! कार्डावर काही सेव्ह करू नकोस!"

काकूंनी आजवर ईमेलसुद्धा स्वतः उघडली नव्हती. नीलांबरीने ब्लाउजमधून कार्ड काढून दिलं. एक पोलीसबाई शेजारी उभी राहिली. काकूंनी कार्ड घातलं. खिडकी उघडली: डिस्क नीट वाचता येत नाही, फॉर्मॅट करायची का? त्यांनी 'नो' दाबलं. मग नीलांबरी सांगेल तसा प्रोग्राम सुरू केला. या वेळी आकडा जवळजवळ दोनचा होता.

फोटो येऊ लागले. पाठीवर इस्त्रीचा त्रिकोण, टोकापासचे वाफेच्या भोकांचे ठिपकेही उमटलेले. पांढऱ्या कागदावर ठेवलेला दात. मांडीवर पट्ट्याचे वळ, जुने पिवळे, नवे जांभळे. एकूण एक्केचाळीस फोटो. पोलीसबाई खुर्ची ओढून बसली. मग तिने रेडिओवर कुणाला तरी सांगितलं की त्या जखमी नवऱ्यालाही ताब्यात घ्या, हॉस्पिटलातच.

काका दुसऱ्या दिवशी सुटले. त्यांच्यावरचा आरोप ऑगस्टमध्ये मागे घेतला गेला. परीक्षितने गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली आणि मग त्याला भारतात परत पाठवण्यात आलं. नीलांबरीचं मनगट दोन ऑपरेशनांनंतरही पूर्ण वळत नाही. ती मॅसॅच्युसेट्सला श्रूजबरीत मावसबहिणीकडे गेली.

तिला विमानतळावर सोडताना काका म्हणाले, "ओरखडे पाहिले होते मी त्याच्या मानेवर. विचारायला हवं होतं."

"हो," नीलांबरी म्हणाली. "विचारायला हवं होतं, काका." मग तिने वाकून दोघांना नमस्कार केला.

गाडीत काकू म्हणाल्या, "निदान तुम्ही त्याला अडवलंत."

"अडवला तो दुसऱ्या घावाला," काका म्हणाले. "तिसरा मारताना मला बरं वाटत होतं, शोभा."

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.