मागच्या रांगेतलं भूत

वीज गेली आणि शिलाईच्या हॉलमधल्या आम्ही चाळीसच्या चाळीस बायका मागच्या भिंतीकडे बघू लागलो. वीज गेली की भिंतीतला तो येतो, हे आता सगळ्यांना माहीत होतं. जनरेटर सुरू झाला, मशिनी धडधडू लागल्या. तासाभरात माझी धाकटी जाऊ कापडावर कोसळली. पाचवा महिना होता तिला.

"धरलं! हिलाही धरलं!" बायका ओरडल्या.

महिन्याभरातली ही सातवी. मुकादमाने आणून ठेवलेले महाराज धावले. "बाहेर काढा! याला मोकळं आभाळ सोसत नाही!" अंगणात नेऊन त्यांनी तिच्या तोंडावर फुंकरी मारल्या, भुताला यथेच्छ शिव्या घातल्या. हळूहळू तिने डोळे उघडले. बायकांनी महाराजांचे पाय धरले. मीही धरले, खोटं कशाला बोलू?

पण संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, बाळ हलत नाहीये." तशीच तिला दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके लागले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"सातही जणी कुठे बसतात?" मी भुताचं सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं.

"मागच्या भिंतीला. आम्ही कंत्राटी ना. कायमच्या बायका दाराजवळ."

"म्हणजे भूत हजेरीपट बघून धरतं! आणि वीज गेल्यावर भिंतीपलीकडे काय चालू होतं?"

"जनरेटर," म्हणताना माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. जनरेटरचं धुराडं सांध्यात तुटलेलं, धूर भिंतीतल्या भोकातून थेट आमच्या रांगेत. खिडक्या खिळे ठोकून बंद, कारण म्हणे बायका बाहेर बघत बसतात.

"या धुरातला एक विषारी वायू रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो," त्या म्हणाल्या. "त्याला स्वतःचा वास नसतो. महाराज उघड्यावर आणतात, म्हणून शुद्ध येते. मंत्राशिवायही येईल."

"तो भिंतीतच राहतो!" महाराज गरजले.

"मग जनरेटर लावून बसा तिथे."

महाराजांना तेवढ्यात दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

"डोकी दुखत असतील, तर बोलला का नाहीत?" बाईंनी आम्हाला विचारलं.

"बोलणारीच्या मशिनीवर उद्या दुसरी बसते," जाऊ म्हणाली.

त्या दिवशी खिळे निघून धुराडं सांधलं जाईपर्यंत कुणीच मशिनीवर बसलं नाही, दाराजवळच्यासुद्धा. मुकादम ओरडत होता, तरी उभ्या राहिलो.

बायांनो, कुणाला काही धरलं असं ऐकलंत, तर आधी विचारा: आजारी कोण पडतंय, ते कुठे बसतंय, आणि तिथून उठायची त्याला मुभा का नाही?