रॉसचा बोल्ट

माझ्या वडिलांच्या तळघरातल्या कपाटात नऊ रायफली आहेत आणि त्यांतली एकही माझ्या आईपेक्षा वयाने लहान नाही. सगळ्या लष्करी. कुठल्या ना कुठल्या देशाने आपल्या पोरांच्या हातात दिलेल्या आणि युद्ध संपल्यावर गाड्या भरभरून मोडीत काढलेल्या. पापांनी पहिली घेतली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्या काळी आमच्या रॉजर्सव्हिलला लोखंडी सामानाच्या दुकानात त्या फावड्या-कुदळींशेजारी पिंपात उभ्या असायच्या. उन्हाळाभर ब्लूबेरी तोडली की एखादी घरी आणता यायची.

लोक विचारतात, आता हलक्या, नव्या, दुर्बीण लावलेल्या रायफली मिळतात, मग ही जुनी लोढणी कशाला? पापा वाद घालत नाहीत. विचारणाऱ्याच्या हातात एक रायफल देतात आणि म्हणतात, "बोल्ट ओढून बघ." अक्रोडाचं लाकूड कितीतरी हातांनी गुळगुळीत झालेलं असतं. पोलादावर कुणा तपासनिसाने ठोकलेले बारीक शिक्के असतात. जवसाच्या तेलाचा वास येतो आणि बोल्ट, नळी मागून बंद करणारा तो पोलादी दांडा, असा सरकतो की जणू काल बसवलाय. निम्मे लोक तिथेच गप्प होतात. उरलेले किंमत विचारतात.

आई म्हणायची, "आलिर, या बायांचं अंग जसं चोळतोस ना, तसं एकदा माझी कंबर चोळ."

"तुझ्यावर शिक्के नाहीत, ओझित," पापा म्हणायचे.

सगळ्यात लाडकी रॉस. ही आपल्या कॅनडात बनलेली. पहिल्या महायुद्धात आपल्याच पोरांबरोबर गेली आणि चिखलात अडकते म्हणून त्या पोरांनीच फेकून दिली. पापांचा जीव तिच्यावर बहुधा त्यामुळेच. "नेमाला तिच्या तोडीची दुसरी नाही," ते म्हणायचे. "चिखलाचा दोष, आणि नाव हिचं खराब."

पण रॉसला एक खोड होती. ती मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेय. बाकीच्या रायफलींचा बोल्ट उचलून मागे ओढायचा, पुढे लोटून खाली दाबायचा. रॉसचा नुसता सरळ मागे, सरळ पुढे. त्याच्या टोकाचं डोकं शेवटच्या इंचात आपोआप फिरतं आणि कुलपासारखं बसतं. साफसफाईसाठी बोल्ट सुटा केला आणि जोडताना ते डोकं चुकीच्या फेऱ्यात बसवलं, तरी बोल्ट आत जातो. काडतूस भरलं जातं. चाप ओढला की बारही उडतो. फक्त कुलूप लागलेलं नसतं. मग तो पोलादाचा तुकडा जिथून आला तिथे परत येतो, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यावर.

"डोकं फिरताना बघायचं," पापा मला मांडीवर घेऊन शिकवायचे. "फिरलं नाही तर देवदूत जरी समोर उभा राहिला तरी चाप ओढायचा नाही."

त्या वर्षी सोडतीत पापांचं नाव निघालं. आमच्याकडे मूसच्या, त्या घोड्याहून उंच हरणाच्या, शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो आणि कित्येकांचं नाव वर्षानुवर्षं निघत नाही. पापा शहात्तर वर्षांचे. जोडीदार म्हणून त्यांनी माझं नाव घातलं. मी शाळेची बस चालवते. शिकारीच्या आठवड्याची रजा मी उन्हाळ्यातच मागून ठेवली होती. मी बंदूक नेत नाही. मी हाक मारते. बर्च झाडाच्या सालीचा भोंगा तोंडाला लावून मूसच्या मादीसारखं ओरडायचं, हे मला भावापेक्षा चांगलं जमतं.

पापांचं तेव्हा थोडं इकडचं तिकडे व्हायला लागलं होतं. माझ्या मुलाला माझ्या भावाच्या नावाने हाक मारायचे. जेवून उठायचे आणि परत ताट मागायचे. आई हसण्यावारी न्यायची, मीही नेत होते. घरात कुणी त्या विसरण्याला नाव दिलं नव्हतं.

शिकारीच्या पहिल्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही जंगलतोड झालेल्या उतारावर जाऊन बसलो. खाली पीटची, कुजून माती झालेल्या शेवाळाची दलदल, पलीकडे स्प्रूसची काळी झाडं. पापांनी आयुष्यभर पीट कापायची यंत्रं दुरुस्त केली, तिथली दलदल त्यांना घराच्या अंगणासारखी. एका आडव्या पडलेल्या खोडामागे आम्ही बूड टेकलं. रायफलीत काडतुसं भरलेली होती, पण नळीत एकही नाही. जनावर दिसल्याशिवाय बोल्ट पुढे न्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

"पाव घेतलास?" त्यांनी विचारलं.

"घेतलाय, पापा."

थोड्या वेळाने परत, "पाव घेतलास ना?"

"घेतलाय."

मी भोंगा लावून हाक मारली. लांब, नाकातली, शेवटी कण्हत खाली येणारी. मग थांबले. बराच वेळ काही नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा स्प्रूसच्या आतून उत्तर आलं. एक हुंकार. मग फांदी मोडल्याचा आवाज. पापांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात थरथरत नव्हता. शिकारीला बसले की ते तीस वर्षांनी तरुण होतात.

नर बाहेर आला. आमच्या घराच्या दारातून वाकूनच जाईल एवढा उंच. शिंगांवर शेवाळ आणि उपटलेलं गवत लोंबत होतं. माजावर आलेला होता, मान खाली घालून सरळ आमच्याकडे चालत येत होता.

पापांनी बोल्ट पुढे लोटला.

मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. रॉसचा बोल्ट बसतो तेव्हा दोन आवाज होतात, आधी सरकल्याचा, मग फिरून बसल्याचा. मला एकच ऐकू आला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला बोल्ट. मी खाली बघितलं. डोकं आत गेलेलं होतं. ते फिरलं होतं का? मला फिरताना दिसलं नव्हतं. पण मी तेव्हा मूसकडे बघत होते, नक्की सांगता येईना. आणि उजेड अजून पुरता पडला नव्हता.

"पापा," मी ओठातल्या ओठात म्हटलं. "बोल्ट."

"गप."

"डोकं फिरलं नाही."

"लिझान, गप बस."

त्यांचा गाल दस्त्याला टेकला. उजवा डोळा बोल्टच्या सरळ रेषेत, वीतभर मागे. माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. मी चुकत असले तर या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते की तुम्हाला तुमची रॉस कळत नाही. त्यानंतर आमच्यात काही पूर्वीसारखं राहिलं नसतं. आणि मी बरोबर असले तर? नळी ढकलावी तर त्यांचं बोट चापाजवळ, धक्क्याने बार उडाला असता. ओरडावं तरी तेच.

त्यांनी सुरक्षेचा खटका सोडला. सरळ धरलेलं बोट वाकून चापावर आलं.

मी दातांनी हातमोजा ओढून काढला आणि माझं बोट चापाच्या मागच्या फटीत सारलं.

त्यांनी चाप ओढला. माझं बोट लोखंडात चेंगरलं. चाप मागे गेला नाही. त्यांनी पुन्हा जोर दिला आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं. मग त्यांनी डोळा उचलून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, पण रागापेक्षा जास्त काहीतरी न कळल्यासारखं होतं, जणू कुणी अनोळखी बाई शेजारी येऊन बसली होती.

आता मूस इतक्या जवळ आला होता की त्याच्या नाकपुड्यांतली वाफ दिसत होती. आमच्याकडे बंदूक एकच, आणि तीही अशी. माजावरचा नर अंगावर आला तर खोड काय आणि आम्ही काय. पापांनी बोट हळूच चापावरून काढलं. मी माझं काढलं नाही. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, माझा हात त्यांच्या छातीखाली अडकलेला. त्यांचं हृदय माझ्या मनगटावर धडधडत होतं.

नराने एका कोवळ्या झाडावर शिंगं घासली. ते मुळासकट कलंडलं. त्याने मान वर करून वास घेतला, आमच्याच बाजूला तोंड करून उभा राहिला. किती वेळ, सांगता येणार नाही. मग वारा फिरला असावा. तो वळला, आणि एवढं धूड असूनही कसलाच आवाज न करता स्प्रूसमध्ये शिरला.

मी बोट बाहेर घेतलं. पापांनी बोल्ट मागे ओढला. काडतूस उडून शेवाळात पडलं. "बघू आता तुझं काय ते," ते म्हणाले. आवाज कोरडा होता.

त्यांनी बोल्ट बाहेर काढला. नीट जोडलेला असेल तर पुढचं डोकं अंगठ्याच्या पेराएवढं बाहेर यायला हवं. ते त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी अंगठा लावला. डोकं पेराच्या बरंच अलीकडे थांबलं होतं. त्यांनी अंगठा काढून पुन्हा लावला.

"हे कोणी खोललं होतं?"

तळघराची किल्ली त्यांच्याच गळ्यात असते.

"ओझितने?"

"आई त्याला हात लावत नाही, पापा."

"बुधवारी तेल दिलं मी," ते म्हणाले. "तेल दिल्याचं आठवतंय. खोलल्याचं आठवत नाही."

मग त्यांनी तो बोल्ट नीट करायला घेतला. डोकं दाबून उलटं फिरवायचं, ओढायचं, परत फिरवायचं. बोटांना माहीत होतं, पण मधेच कुठेतरी ती थांबायची. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, थंडी असून.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"नको. बघत राहा. सांगू नकोस."

तिसऱ्यांदाही डोकं तिथेच थांबलं. तेव्हा त्यांनी बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला आणि तोंड फिरवलं. मी जोडला. त्यांनी अंगठा लावून मापलं, रायफलीत घातला, रिकामाच पुढे लोटला. दोन आवाज झाले. त्यांनी मान हलवली.

"बोट दाखव."

नख काळंनिळं झालं होतं. त्यांनी ते आपल्या दोन्ही हातांत धरून बराच वेळ ऊब दिली. मला रडू येत होतं, पण ते बघतील म्हणून मी पाव काढून त्यांच्या हातात दिला, आणि आम्ही खाल्लं.

घरी आई कोंबडीचं फ्रिको, बटाटे घातलेला रस्सा, करून वाट बघत होती. "काय झालं?"

"आला होता. मोठा होता," पापा म्हणाले. "हिला खोकला आला. पळाला."

आईने माझ्याकडे बघितलं. "इतक्या वर्षांनी नाव निघालं आणि तुला तेव्हाच खोकायचं होतं का गं?" मी वाडग्यात चमचा फिरवत राहिले. नंतरच्या दिवसांत आम्ही जंगलात गेलो नाही. पापा म्हणाले, गुडघा दुखतोय.

पुढच्या आठवड्यात मी बस लावून घरी आले तर त्यांची गाडी दारात. शेजारी आई. तिचे डोळे लाल. मला कळलं, सांगून झालंय. पापांच्या मांडीवर चपलांचं खोकं होतं. आत फडक्यांत गुंडाळलेले आठ बोल्ट, प्रत्येकावर चिठ्ठी.

"हे तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "रायफली माझ्याकडे राहतील. बोल्टशिवाय त्या लाकडाचे सोटे आहेत, मी कितीही विसरलो तरी कुणाला मारणार नाहीत."

"आणि नववा?"

"नॉर्मांकडे आहे."

नॉर्मां म्हणजे पीटच्या कारखान्यातला त्यांचा जुना सोबती, घरी लेथ आहे त्याच्या. रॉसला एक उपाय असतो. बोल्टच्या बाहेरच्या कवचात बारीक भोक पाडून खिळा बसवायचा, म्हणजे तो कुणालाही चुकीचा जोडताच येत नाही. संग्राहक लोक ऐकून कपाळाला हात लावतात. अस्सल, कुणी फेरफार न केलेल्या रॉसमध्ये भोक पाडणं म्हणजे वेदीवर खिळा ठोकणं. पापांनीही कित्येकांना त्यावरून झापलं होतं.

"तुम्ही भोक पाडून घेतलं?" मी विचारलं.

"नॉर्मां तयार नव्हता. म्हणाला, आलिर, अर्धी किंमत जाईल. मी म्हटलं, मला ती विकायची नाहीये, मला ती हातात धरायची आहे."

आई गाडीतून उतरली आणि खोकं माझ्या हातात देताना म्हणाली, "डॉक्टरची तारीख घेतलीय. आलिर येतो म्हणालाय."

तारखेला ते गेले. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं, आम्हाला आधीच माहीत होतं ते. हिवाळ्यात ते रोज तळघरात जायचे, बोल्ट नसलेल्या रायफली एकेक करून पुसायचे, नळीतून खिडकीकडे बघायचे. मला वाटलं होतं त्यांना याचं दुःख होईल. आई म्हणाली, "कसलं दुःख. तासभर शीळ घालतो."

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर एका शनिवारी ते माझ्या दारात उभे. अंगात शिकारीचा नारिंगी कोट, खांद्यावर रॉस.

"रॉसचा दे," म्हणाले. खिळा बसवलेला बोल्ट नॉर्मांने माझ्याकडेच आणून दिला होता. "खडीच्या खाणीत जाऊ. पाच गोळ्या. तू चल बरोबर."

खाणीत आम्ही पुठ्ठ्यावर कोळशाने वर्तुळ काढून मातीच्या ढिगाला टेकवलं. पापा पोटावर झोपले. बोल्ट त्यांनी स्वतः घातला. काडतूस भरलं. मी उकिडवी बसून अगदी जवळून बघत होते.

"माझ्याकडे असं बघू नकोस," ते पुठ्ठ्यावरची नजर न काढता म्हणाले.

"तुमच्याकडे नाही बघत, पापा. डोक्याकडे बघतेय."

"मग सांग. फिरलं?"

"फिरलं."

त्यांनी श्वास सोडला, अर्धा आत ठेवला, आणि चाप ओढला.