हजार मीटरच्या अलीकडे

स्मरेच्नाच्या दरीत बस जिथे संपते तिथे एक लाकडी टपरी आहे आणि तिच्या खिडकीत झाल्का बसते. बसची तिकिटं, नकाशे, टाचेला चिकटवायच्या पट्ट्या असं सगळं ती विकते, पण लोक तिच्याकडे येतात ते रस्ता विचारायला. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असं इथे काय आहे, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. झाल्का आधी त्यांच्या पायांकडे बघते आणि मग तोंड उघडते.

"धबधबा? मग पुढे आलात तुम्ही. एक थांबा मागे जा, पुलापाशी उतरा, नदी उजव्या हाताला ठेवा. तळं? या चपलांनी? जाल की. येताना मात्र चौघांच्या खांद्यावरून याल. कुरणावर जायचं असेल तर वाट या टपरीच्या मागूनच आहे. झाडांवर लाल कड्यात पांढरा ठिपका दिसेल, तो सोडू नका. माझं ऐकलंत तर शेवटच्या बसला परत याल, नाही ऐकलंत तर उद्याच्या पेपरात याल."

कुरणाच्या वाटेवर दुसऱ्या वळणाला एका बीचच्या झाडाला पाटी ठोकली आहे, हजार मीटर उंचीची. आमच्याकडची जुनी रीत अशी, की हजार मीटरच्या वर कुणी कुणाला अहो-जाहो करायचं नाही, गोस्पोद-गोस्पा म्हणजे श्रीयुत-श्रीमतीही लावायचं नाही. न्यायाधीश असो, पाद्री असो, नाहीतर बँकेचा मॅनेजर असो, पाटी ओलांडली की सगळे अरे-तुरे. डोंगरापुढे कुणी मोठा नाही, असं म्हातारे सांगतात. मला विचाराल तर धापा टाकताना 'तुम्ही'पेक्षा 'तू' म्हणायला सोपं पडतं, एवढंच कारण असावं. एकदा 'तू' झालं की बहुतेकांचं ते खाली उतरल्यावरही 'तू'च राहतं. झाल्का आणि बोगोमिर येरमान यांचं तसं झालं नाही, आणि घोळ झाला तो तिथेच.

बोगोमिर म्हणजे गावातल्या औषधांच्या दुकानाचे मालक. बायको गेल्यावर त्यांनी दुकान विकलं आणि एका उन्हाळ्यात नव्याकोऱ्या बुटांत टपरीपुढे येऊन उभे राहिले. झाल्काने सांगितलेली वाट त्यांनी औषधाच्या मात्रेसारखी तोंडपाठ करून घेतली आणि तरीही चुकले. दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्या वेळी झाल्का म्हणाली, "गोस्पोद येरमान, गुरुवारी माझी सुट्टी असते. मीच येते. तुम्हाला शोधायला लोक पाठवण्यापेक्षा ते परवडेल."

त्या गुरुवारी पाटीपाशी थांबून तिने त्यांना रीत सांगितली. ते लाजले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बरं तर. झाल्का, तू पुढे हो." नवरा गेल्यापासून इतक्या हळुवारपणे तिला कुणी 'तू' म्हटलं नव्हतं. दिवसभर बोगो आणि झाल्का, अरे आणि अगं. वरच्या निवाऱ्यात आंबट दुधाबरोबर कुट्टूच्या पिठाचे झ्गान्त्सी खाताना त्याने आपल्या ताटलीतलं तिच्या ताटलीत वाढलं. उतरताना पाटी मागे पडली आणि तो म्हणाला, "तुम्ही दमलात का, गोस्पा झाल्का?" झाल्का खो खो हसली. तिला वाटलं, चेष्टा करतोय.

मग सहा उन्हाळे तेच चाललं. खाली गोस्पोद आणि गोस्पा, वर तू आणि मी. खालचं 'तुम्ही' ती गालातल्या गालात हसत म्हणायची. गावाला न कळलेलं दोघांचं गुपित आहे, असं तिने धरून टाकलं होतं. मनातले मांडे खायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि झाल्काने ते पोटभर खाल्ले.

या वसंतात बोगोमिरच्या छातीत दुखलं. मुलगी नेवेन्का समुद्रकाठी इझोलाला राहते. तिने वडिलांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. शुक्रवारी निघायचं होतं. आदल्या दिवशी, गुरुवारी, एकदा कुरणावर जाऊ, असं त्यांनीच सुचवलं.

झाल्का त्या सकाळी टपरीपाशी उभी होती. केस नीट विंचरलेले, गळ्याला निळा रुमाल. बस घेऊन लुड्विक आला. तो तिच्या शाळेतला, त्यामुळे त्याच्या जिभेला हाड नाही.

"अगं बाई, रुमाल! कुणाचं लग्न आहे?"

"तुझ्या आजीचं."

"साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही." मग तो खिडकीतून वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज सांग त्याला, झाल्का. उद्या गेल्यावर काय समुद्राला सांगणार?"

"वर गेल्यावर सांगते," झाल्का म्हणाली. तिने तेच ठरवलं होतं. कुरणावर बसायचं आणि म्हणायचं, बोगो, तू जाऊ नकोस, माझ्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत. वर 'तू' म्हणूनच ते सांगता येणार होतं. खाली 'तुम्ही' म्हणून कुणाला घरात राहायला या असं सांगायचं म्हणजे खोली भाड्याने दिल्यासारखं.

बोगोमिर आले आणि चढ सुरू झाला तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की आज काही खरं नाही. बोगोमिर चार पावलं चालत आणि थांबत. थांबले की झाडांकडे बघत, जणू झाडं बघायलाच थांबलेत. पहिल्या वळणाला त्यांच्या ओठांचा रंग उतरला होता. दुसरं वळण आणि बीचचं झाड वर दिसत होतं. हाक मारली तर ऐकू जाईल इतकंच अंतर.

"गोस्पा झाल्का, माफ करा," ते एका पडलेल्या ओंडक्यावर बसले. "आज नाही जमायचं."

"बसा थोडं. घाई कुठे आहे?"

"बसून काही होणार नाही. मी औषधं विकली आहेत, मला कळतं."

झाल्का शेजारी बसली. थर्मासमधला चहा ओतून तिने त्यांच्या हातात दिला. वरून एक जोडपं उतरून गेलं, "कसे आहात?" म्हणून गेलं. झाल्का पाटीकडे बघत राहिली. एवढंसं चढायचं राहिलं आणि सगळं राहिलं, असं होऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. पाटी गेली खड्ड्यात.

"बोगो, तू जाऊ नकोस," ती म्हणाली.

त्यांनी कप खाली ठेवला. हसले, पण जरा गोंधळून. "गोस्पा झाल्का, आपण अजून खालीच आहोत."

"मला माहीत आहे कुठे आहोत ते. रोज लोकांना मीच सांगते. तरी म्हणतेय. जाऊ नकोस. माझ्याकडे राहा. डोंगर चढायला नकोत आपल्याला, अंगणात बसू."

वाईट माणूस नव्हता तो; वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याला शिव्या घालता आल्या असत्या. तो खरोखर शोधत होता, आपल्याकडून कधी काय झालं ते.

"पण वर तर," ते शेवटी म्हणाले, "वर तर सगळेच सगळ्यांना तू म्हणतात ना?"

झाल्काने थर्मासचं झाकण घट्ट बसवलं.

"तुम्हीच सांगितलं होतंत मला, इथली रीत आहे म्हणून. मी ती पाळली. खाली आल्यावर मी काळजीने तुम्ही म्हणत असे, तुमचा मान राहावा म्हणून." "माझ्या वागण्यातून तुमचा काही गैरसमज झाला असेल, तर मी मनापासून माफी मागतो."

झाल्काला वाटलं, आत्ताच्या आत्ता इथून धावत सुटावं. पण त्यांना एकटं उतरता आलं नसतं. म्हणून तिने त्यांचा दंड धरला आणि म्हणाली, "चला. मुळं ओली आहेत, डावा पाय आधी टाका." सबंध उतारभर ती तेच सांगत राहिली. इथे दगड आहे, इथे हात द्या.

वडिलांच्या काळजीने नेवेन्का लवकरच टपरीपाशी गाडी घेऊन आली होती आणि वाट बघत होती. हसरी पोरगी. वडिलांना गाडीत बसवून, पट्टा लावून ती झाल्काकडे वळली.

"तुम्हीच ना त्या टपरीवरच्या बाई? बाबा सांगतात, फार मदत करता म्हणून."

"त्याचाच तर पगार मिळतो मला."

"आणि तुमची ती रीत! वर गेलं की अरे-तुरे! आमचे बाबा तर मांजरालाही अहो-जाहो करतात. खरंच ते तुम्हाला तू म्हणतात?"

गाडीत बोगोमिर खाली मान घालून बसले होते. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"म्हणतात ना," झाल्का म्हणाली. "वर. आज आम्ही वर पोचलोच नाही."

बोगोमिरने काच खाली केली. "येतो, गोस्पा झाल्का. जपा."

"तुम्हीही जपा, गोस्पोद येरमान." या वेळी ती गालात हसली नाही. गाडी वळून पुलाकडे गेली, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं की नाही ते तिला दिसलं नाही, कारण तोवर डोळे भरून आले होते.

लुड्विकची बस पुढच्या फेरीला उभी होती. तो सगळं लांबून बघत होता. खाली उतरून तो तिच्याजवळ आला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाला?"

झाल्काने गळ्याचा रुमाल सोडला आणि त्याने नाक पुसलं.

"माफी मागितली रे त्याने माझी," ती म्हणाली, आणि भर थांब्यावर, बसमधल्या सगळ्या लोकांदेखत, लहान पोरीसारखी रडायला लागली.