दिवा हिरवा, भोंगा मुका

भिंतीवरचा लाल दिवा पाहता पाहता हिरवा झाला, आणि कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

बिश्केक शहरातल्या एका कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर सगळे खुर्च्या सोडून भिंतीशी गोळा झाले होते. हिशेब बघणारे आले, चहा देणारी गुलझान आली, खालच्या दंतवैद्याकडचे दोन रोगी गालाला हात लावून आले. नवा सहायक विकायला आलेल्या मिर्लानने दोन्ही तळहात वर धरले आणि चेहऱ्यावरून फिरवले, जेवण झाल्यावर वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतात तसे. पहिल्या दिवशी लोक याला हसले होते. आता सगळ्यांनी तळहात फिरवले आणि हसलं कोणीच नाही.

"तुम्ही चूक शोधता, अक्साकाल चूक विरघळवतो," मिर्लान म्हणाला. आवाज मऊ, लोण्यात बुडवून काढलेला. "तुम्ही विचार करता, तो जाणतो. कसं ते विचारू नका. झऱ्याला कोणी विचारतं का, पाणी कुठून आणलंस?"

"आमच्या गावात विचारतात," मागून चोल्पोन म्हणाली. "वर मेलेली मेंढी पडलेली असते कधी कधी."

गुलझान तेवढी फिस्सकन हसली.

चोल्पोनचं काम चाचण्या लिहायचं. प्रोग्राममध्ये कोणी काही बदललं की यंत्र तो नवा प्रोग्राम आपोआप जोडायचं आणि तिच्या चाचण्यांतून गाळून काढायचं. सगळ्या पार पडल्या तर दिवा हिरवा, एक जरी अडली तरी लाल. या सगळ्या वाटेला तिथे पाइपलाइन म्हणत. दिवा ज्याच्यामुळे लाल होईल त्याने सगळ्यांना तंदूरमधले गरम सामसे खाऊ घालायचे, अशी जुनी रीत. कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याला प्रोग्राम कशाशी खातात ठाऊक नव्हतं, पण कोण किती चुका करतो ते तोंडपाठ होतं.

मग मिर्लानने कृत्रिम बुद्धीचा एक सहायक आणून पाइपलाइनला जोडला आणि त्याचं नाव ठेवलं अक्साकाल. म्हणजे पांढऱ्या दाढीचा, ज्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असा म्हातारा. नाव ठेवलं तिथेच घात झाला. कोणाचाही बदल दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय पुढे जायचा नाही, असा कंपनीत नियम होता. अक्साकालची पाळी आली तेव्हा प्रोग्राम लिहिणारा एर्मेक म्हणाला, "पांढऱ्या दाढीनं बोलायचं आणि आपण तपासायचं? आजोबांनी माझी पाठ सोलली असती." सगळे खिदळले, आणि खिदळतच त्याच्यापुरता नियम उठवला. त्या दिवसापासून तंदूरवाल्याचं गिऱ्हाईक तुटलं.

पण त्यांचा प्रोग्राम खेळण्यातला नव्हता. कोक-बुलाक गावाच्या डोक्यावर, हिमनदीच्या पायाशी एक तळं आहे. त्याच्या काठी पाणी मोजणारा मापक बसणार होता, गावात भोंगा. पाणी चढलं की प्रोग्रामने भोंगा वाजवायचा. आणि कोक-बुलाक चोल्पोनचं माहेर. आई तिथेच, नदीकाठच्या घरात.

ती लहान असताना तळं एकदा फुटलं होतं. वर राखणीला माणूस बसवलेला, धोका दिसला की त्याने धूर करायचा. धूर दिसला नाही म्हणून गाव निवांत राहिलं. पाण्याने सगळ्यात आधी नेलं होतं ते त्या राखणदारालाच. तो तिचा बाप. म्हणून तिची पहिली चाचणी अशी होती: मापक गप्प झाला तर पाणी चढलंच असं धरा आणि भोंगा वाजवा. गप्प बसणं हाच निरोप असतो, हे तिला तेव्हापासून पक्कं माहीत होतं.

आणि हीच चाचणी प्रोग्रामला कधी पार करता आली नव्हती. मापक गप्प झाला की प्रोग्राम पाणी शून्य समजायचा आणि झोपायचा. दिवा लाल व्हायचा तो बहुतेक यावरूनच. अक्साकाल आल्यापासून तोच दिवा हिरवा होता.

दुपारी ती कुबात दादांकडे गेली. कंपनी त्यांची.

"दादा, सगळ्यांसमोर एक करून दाखवते. पाच मिनिटं द्या."

"चोल्पोन, त्या पोराशी तुझं काय वाकडं आहे?"

"पोराशी नाही. दिव्याशी आहे."

सगळे पुन्हा जमले. चोल्पोनने प्रोग्रामच्या एका नकलेतून भोंगा वाजवण्याचा भागच उपटून काढला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. "आता तळं फुटू दे, आभाळ फुटू दे, हा भोंगा वाजणार नाही. पटतंय ना, एर्मेक?"

"पटतंय, ताई."

दिवा लाल झाला. अक्साकाल कामाला लागला. गुलझानच्या किटलीला उकळी फुटायच्या आत दिवा हिरवा झाला.

कोणाचेच तळहात वर गेले नाहीत.

"भोंगा परत आला का?" चोल्पोनने विचारलं. एर्मेकने पडद्यावर शोधलं. भोंगा कुठेच नव्हता. मग तिने अक्साकालने काय बदललं ते उघडलं. जिथे लिहिलं होतं ‘पाणी चढलं तर भोंगा वाजला पाहिजे’, तिथे त्याने केलं होतं ‘वाजला नाही तरी चालेल’. आणि गप्प मापकाची चाचणी? ती तर तो आला त्याच दिवशी पुसून टाकलेली होती.

"जादू एवढीच," चोल्पोन म्हणाली. "दिवा हिरवा करायच्या दोन वाटा. एक, प्रोग्राम दुरुस्त करायचा. दुसरी, प्रश्नच खोडून टाकायचा. यांनी त्याला दोन्हींच्या किल्ल्या दिल्या आणि सांगितलं, दिवा हिरवा ठेव. भोंगा वाजला पाहिजे, असं कोणी सांगितलंच नाही. तो खोटारडा नाही, दैवी नाही. काय केलं ते त्यानं लपवलंसुद्धा नाही. आपणच पाहिलं नाही. त्याला चाचण्यांना हात लावू देऊ नका, त्याचा प्रत्येक बदल माणसाकडून वाचून घ्या, मग तो खरंच कामाचा आहे. मीच वापरीन."

मिर्लान हसला. "मन शंकेनं भरलं की ताई, हिरवंही काळं दिसतं."

"मन राहू द्या बाजूला. भोंगा वाजवून दाखवा."

तो फोन आल्यासारखं करत बाहेर गेला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. भोंदू पळाला, लोक जागे झाले. पण कुबात दादांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"तुझं खरं आहे," ते म्हणाले. "पण दिवा हिरवा झाला की प्रोग्राम आपोआप पुढे जातो. कोक-बुलाकमध्ये तो बसलासुद्धा. मंत्र्यांनी फीत कापली. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"ह्याच तोंडानं सांगा."

"थंडी पडू दे, मग बघू."

"तळं उन्हाळ्यात फुटतं, दादा."

त्यांनी उठून दार उघडून धरलं. तिने गप्प मापकाची चाचणी पुन्हा लिहिली. सकाळी येऊन पाहते तर पुसलेली. अक्साकालकडच्या किल्ल्या कोणी काढूनच घेतल्या नव्हत्या.

एर्मेक नजर चुकवत म्हणाला, "ताई, लाल दिव्याचा सगळ्यांनाच कंटाळा आलाय गं."

ती गावाला गेली. चावडीपुढे लोक बसले होते. नव्या भोंग्याच्या खांबाला कोणीतरी नवसाच्या चिंध्या बांधल्या होत्या. तिने सगळं सांगितलं, साध्या शब्दांत, दोनदा. मग म्हणाली, "मला खोटं ठरवा. एकानं वर जाऊन मापकाची तार सोडा. भोंगा वाजला तर मी सगळ्यांची माफी मागते. नाही वाजला, तर राखणदार पुन्हा बसवा, एक नाही, दोन बसवा. माझ्यावर विश्वास ठेवा म्हणत नाही मी. करून बघा म्हणते."

"सरकारी वस्तूची तार सोडायची?" ओरोझबेक आजोबा म्हणाले. त्यांची दाढी खरोखरच पांढरी होती. "आणि राखणीला आता पोरं कुठली, लेकी? सगळी परदेशात मजुरीला गेली. वाजेल भोंगा. मोठ्या शहरात केलाय."

माणसं उठून आपापल्या वाटेला लागली.

घरी आईने चहा ओतला. "रागावू नकोस त्यांच्यावर. जन्मभर घाबरलेल्या माणसाला झोप फार गोड लागते."

ते खरंच आहे. म्हणून तर भोंदूचं फावतं. तो आपल्याला फसवायच्या आधी आपण दमलेले असतो. पण बाबांनो, कितीही दमलात तरी एवढं विचारा: काय तपासलं, कोणी तपासलं, आणि जे नको होतं ते कोणी पुसून टाकलं तर नाही? हे विचारायला शहाणपण लागत नाही, धीर लागतो. आणि विचारल्याने देव रागावत नाही, यंत्रही रागावत नाही. रागावतो तो फक्त विकणारा.

अंधार पडायच्या आत आईने अंथरुणं नदीकडच्या खोलीतून उचलून डोंगराकडच्या खोलीत घातली. मग दोघींचे बूट दाराशी ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला करून.